नव्या नादाचा उपासक

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील एक वाद्य आहे. त्याचा आकार व्हायोलिनसारखाच असतो. परंतु ते खांद्यावर धरता येत नाही. त्याची नुसती पेटीच सुमारे ७५ सेंटिमीटर लांब असते. वादक खुर्चीवर बसतो, वाद्य दोन्ही गुडघ्यांमध्ये धरतो आणि त्याच्या बुडाशी असलेली अणकुचीदार दांडी जमिनीवर टेकवतो. मग घोड्याच्या केसांचा गज तारांवरून फिरू लागला, की त्यातून गंभीर व भरदार आवाज निघतो. मनुष्याच्या कंठस्वराशी या आवाजाचे जवळचे नाते आहे, असे जाणते लोक म्हणतात.

या वाद्याच्या चार तारांतून पूर्वी कोणी न ऐकलेले नाद काढण्यात रोहन डी सराम यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग वेचला.

त्यांचा जन्म १९३९ साली इंग्लंडमधील शेफील्ड या गावी झाला. त्यांचे आईवडील सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे. वयाच्या अकराव्या वर्षी रोहन इटलीत गास्पार कसादो या स्पॅनिश वादकाकडे चेलो शिकू लागले. मुलाची बोटे चपळ होती आणि कानही तीक्ष्ण होता. १९५५ साली, सोळाव्या वर्षी, त्यांना गिल्येर्मिना सुजिया यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. या पारितोषिकाची कथा मोठी हृद्य आहे. सुजिया या पोर्तुगालच्या विख्यात चेलोवादक. आपल्या पश्चात आपला मौल्यवान चेलो विकावा व त्या पैशातून होतकरू वादकांना साहाय्य करावे, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. अशा रीतीने एका वादकाचे वाद्य दुसऱ्याच्या शिक्षणास कारण झाले. या साहाय्यामुळे रोहन यांना इंग्लंडात जॉन बार्बिरोली यांच्याकडे व प्वेर्तो रिको बेटावर पाब्लो कसाल्स यांच्याकडे शिकता आले. कसाल्स हे त्या काळी चेलोवादकांचे मुकुटमणी मानले जात.

१९६० साली न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध कार्नेगी सभागृहात रोहन यांचे वादन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढचा मार्ग जणू आखून ठेवलेलाच होता. बाख, हायडन, द्वोर्जाक अशा थोर रचनाकारांच्या कृती गावोगावी वाजवाव्या आणि टाळ्या व कीर्ती मिळवावी, एवढेच काय ते उरले होते. तिशीच्या वयापर्यंत त्यांचा लौकिकही अशाच वादनामुळे झाला. परंतु नंतर त्यांचे मन आपल्याच काळातील रचनाकारांकडे अधिकाधिक ओढ घेऊ लागले.

ही वाट सोपी नव्हती. विसाव्या शतकात युरोपातील अनेक रचनाकारांनी जुने नियम बाजूस ठेवून नवे संगीत लिहिले. प्रथम ऐकणाऱ्यास ते कर्कश वाटे. पुष्कळ श्रोते उठूनही जात. वादकालाही त्यात कष्ट फार आणि वाहवा थोडी. पण चित्र रंगवून झाले, की ते पाहता येते. संगीताचे तसे नाही. कागदावर लिहिलेली रचना मुकी असते. कोणी वादक तिच्यासाठी खपला, तरच ती बोलू लागते. जुन्या रचनांना वादक हजारो होते. नव्या रचनांना मोजकेच. त्या मोजक्यांत रोहन जाऊन बसले.

ग्रीक रचनाकार यानिस झेनाकिस यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. झेनाकिस मूळचे अभियंते. चंदीगड शहराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्बुझिए यांच्या कचेरीत त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. गणिताच्या आधारे ते संगीत रचीत. १९७७ साली त्यांनी एकट्या चेलोसाठी एक रचना लिहिली आणि तिला ग्रीक पुराणातील शंभर हातांच्या राक्षसाचे, ‘कोत्तोस’ याचे नाव दिले. तिच्या आरंभी गज घोडीजवळ इतका दाबून ओढावा लागतो, की सुरेल स्वराऐवजी दगड दळल्यासारखा घरघराट निघतो. सुंदर स्वर काढण्यात सारे बालपण घालवलेल्या वादकाने असा घरघराट का काढावा? त्याचे उत्तर असे, की वादळाचा, यंत्राचा, भूकंपाचा आवाजही या जगाचाच आहे. त्याला संगीतात जागा मिळावी असे त्या रचनाकारास वाटत होते. हा घरघराटदेखील वाटेल तसा काढून चालत नाही. त्यासाठी गजावर पराकाष्ठेचा ताबा लागतो. रोहन यांनी ही रचना वाजवून अनेकांच्या कानी घातली.

लंडनमध्ये १९७४ साली अर्विन आर्डिटी यांनी चार वादकांचा एक संच स्थापन केला होता. दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो असा तो संच नवे संगीत वाजवण्यासाठीच प्रसिद्ध झाला. रोहन काही वर्षांतच त्यात आले आणि २००५ पर्यंत त्यात राहिले. हे चौघे शक्य तेव्हा रचनाकाराला तालमीस बोलावीत, त्याच्या शंका ऐकत व आपल्या अडचणी त्याला सांगत. त्यामुळे कित्येक रचनाकारांनी या संचासाठी मुद्दाम रचना लिहिल्या.

त्यातील एक प्रयोग तर अद्भुतच म्हटला पाहिजे. जर्मन रचनाकार कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन यांनी चार वादक व चार हेलिकॉप्टरे यांसाठी एक रचना केली. २६ जून १९९५ रोजी अ‍ॅम्स्टरडॅम येथे चौघे वादक चार निरनिराळ्या हेलिकॉप्टरांत बसून आकाशात उडाले. त्यांना एकमेकांचे वादन ऐकू येणे शक्य नव्हते. कानांवर लावलेल्या यंत्रातून मिळणाऱ्या ठेक्यावर त्यांनी आपले सूर सांभाळले. वाद्यांचे सूर, पंख्यांचा घोंगावणारा आवाज आणि वादकांची चित्रे खाली सभागृहात पोहोचवली जात होती. तेथे श्रोत्यांना हे सारे एकत्र ऐकू येत होते. त्या चौघांपैकी चेलो घेऊन बसलेले वादक रोहन होते.

लिहिलेले कठीण संगीत वाजवणारे रोहन न लिहिलेले संगीतही वाजवीत. आपल्याकडे गवई आलाप व ताना आयत्या वेळी रचतो, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याला रागाची व तालाची चौकट असते. लंडनमध्ये १९६५ साली निघालेल्या ‘एएमएम’ या मंडळींनी तशी चौकटही ठेवली नव्हती. कोणते सूर वाजवायचे, केव्हा थांबायचे, हे आधी ठरलेले नसे. प्रत्येकाने दुसऱ्याचे लक्षपूर्वक ऐकावे आणि आवश्यक वाटेल तेवढेच वाजवावे. रोहन यांनी या मंडळींबरोबर काही वर्षे वादन केले. अशा वादनात हातांपेक्षा कानांची परीक्षा अधिक होते.

नव्याच्या मागे लागूनही रोहन आपल्या पूर्वजांच्या भूमीला विसरले नाहीत. श्रीलंकेतील कँडी भागात ‘गॅट बेरय’ नावाचे दोन तोंडांचे चर्मवाद्य आहे. ते कमरेला बांधून दोन्ही हातांनी वाजवतात. रोहन हे वाद्यही शिकले होते. इटलीचे रचनाकार लुचानो बेरियो यांनी १९५८ पासून एकेका वाद्यासाठी रचनांची एक माला लिहिण्यास आरंभ केला होता. तिची चौदावी रचना चेलोसाठी करावयाची, तेव्हा त्यांनी रोहन यांच्याकडून कँडीचे ठेके जाणून घेतले. या रचनेत वादक केवळ तारा छेडीत नाही; तळहाताने व बोटांनी चेलोच्या लाकडी अंगावर ढोलासारखे आघातही करतो. २००२ साली जर्मनीतील विटेन या गावी रोहन यांनी ही रचना प्रथम वाजवली. त्या वेळी युरोपच्या वाद्यातून सिंहलद्वीपाचा ठेका उमटला. पुढच्याच वर्षी बेरियो निवर्तले आणि ही त्या मालेतील अखेरची रचना ठरली.

रोहन डी सराम २०२४ साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी कालवश झाले. त्यांनी जुन्याचा त्याग केला नाही. बाखच्या रचनाही ते प्रेमाने वाजवीत. बाखचे संगीतही एके काळी नवेच होते आणि तेही कोणीतरी प्रथम वाजवले म्हणूनच आज उरले आहे. जे अपरिचित आहे ते वाईटच असते असे नाही. पण ते चांगले आहे की नाही, हे कळण्यासाठी आधी कोणीतरी ते मन लावून वाजवावे लागते आणि कोणीतरी ते मन लावून ऐकावे लागते. पहिले काम रोहन यांनी आयुष्यभर केले. दुसरे काम श्रोत्यांचे आहे.

प्रश्न

१. सुजिया यांच्या चेलोचा उपयोग त्यांच्या पश्चात कसा झाला?
२. ‘कागदावर लिहिलेली रचना मुकी असते’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. आपल्याकडील गवयाचे गायन व ‘एएमएम’ मंडळींचे वादन यांत कोणते साम्य व कोणता फरक आहे?
४. प्रथम न आवडलेली, पण पुन्हा ऐकल्यावर आवडू लागलेली एखादी गोष्ट आठवून तिच्यावर दहा ओळी लिहा.