चालायला सोबत हवी

‘डॉक्टर, चालायला पाहिजे हे कळतं हो, पण होत नाही.’ मधुमेहाचे, रक्तदाबाचे पेशंट मला हे रोज सांगतात. मला यात आळसापेक्षा एकटेपणा जास्त दिसतो. आठवडाभर उत्साह टिकतो, मग पाहुणे येतात, पाऊस लागतो, आणि खाली आपली वाट पाहणारं कुणी नसतं.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात डॉ. डेव्हिड सॅबगिर या हृदयरोगतज्ज्ञांना हाच अनुभव येत होता. २००५ साली त्यांनी पेशंटना सांगितलं, शनिवारी बागेत या, मीही तुमच्याबरोबर चालतो. शंभरावर लोक आले. ‘वॉक विथ अ डॉक’ या उपक्रमाची सुरुवात ती. डॉक्टर थोडा वेळ एखाद्या आजाराविषयी बोलतात, मग सगळे गप्पा मारत चालतात. फी नाही. २०१५मध्ये ब्रिटिश संशोधकांनी चालण्याच्या गटांवरचे ४२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सहभागींचा रक्तदाब, वजन, नैराश्य यांत सुधारणा दिसली. लोक टिकूनही राहिले.

आपल्या सोसायटीत, वाडीत हे सहज जमेल. बायकांना तर गटाचा फार आधार होतो. पहाटेच्या अंधारात एकटीने निघायची भीती वाटते, आणि घरात कामं थांबलेली असतात. ‘मैत्रिणी खाली थांबल्यात’ म्हटलं की पाय निघतो.

आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास पुरे. बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवा. गट मोडतो तो बहुधा वेगावरूनच, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांची एक सावकाश तुकडी पहिल्या दिवसापासूनच करा.

मधुमेह असेल तर स्लिपर घालून चालू नका. घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहा. पाय बधिर झालेल्यांना फोड आल्याचं कळतही नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं आणि सोबतच्यांना तसं सांगून ठेवावं. चालताना कुणाच्या छातीत दडपण आलं, जबड्यात किंवा हातात कळ आली, दरदरून घाम फुटला, तर त्याला तिथेच बसवा, १०८ला फोन करा. ‘गॅस असेल’ म्हणून एकट्याला घरी पाठवू नका.