हार-जीत नसलेला सामना

खेळ म्हटला की हार-जीत आलीच. परंतु ज्या सामन्यात दोन्ही बाजूंना एकाच महाविद्यालयाचे खेळाडू असतात आणि ज्याचा निकाल हंगामाच्या हिशेबात धरला जात नाही, असा सामना पाहण्यासाठी लाखभर माणसे जमतात, हे प्रथम वाचले तेव्हा मला ते खरेच वाटले नाही. समाजशास्त्राच्या तासाला सरांनी ‘खेळ आणि समाज’ या विषयावर टिपण लिहून आणायला सांगितले होते. वर्गातील बहुतेकांनी क्रिकेट किंवा कबड्डी घेतली. मी अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा ‘स्प्रिंग गेम’, म्हणजे वसंत-सामना, हा विषय घेतला. का घेतला, ते शेवटी सांगते.

प्रथम खेळाविषयी थोडे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यातील चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळायचे, नाहीतर साथीदाराकडे फेकायचा. मैदान १०० यार्ड लांब, खेळाडू अकराविरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे आणि चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या पट्ट्यात न्यायचा. याला ‘टचडाउन’ म्हणतात व त्याचे सहा गुण मिळतात.

या खेळाचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालतो. पुढे वसंत ऋतूत संघ पुन्हा सरावाला लागतात. परंपरेने या सरावाच्या पंधरा बैठका होतात आणि त्यांचा शेवट बहुधा एप्रिलमधील एखाद्या शनिवारी प्रेक्षकांसमोरच्या सामन्याने होतो. एकाच संघाचे दोन भाग पाडतात. नेब्रास्कात ते लाल आणि पांढरा, पेन स्टेटमध्ये निळा आणि पांढरा. चेंडू फेकणारा प्रमुख खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, जायबंदी होऊ नये म्हणून त्याला खाली पाडायचे नाही असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. थोडक्यात, ही रंगीत तालीम आहे.

मग तालीम पाहायला इतकी माणसे का येतात? अलाबामा विद्यापीठात २००७ साली नवे प्रशिक्षक निक सेबन आले, तेव्हा त्यांच्या पहिल्याच वसंत-सामन्याला ९२,१३८ प्रेक्षक होते. मैदानात जागा उरली नव्हती. ओहायो स्टेटच्या २०१६ च्या सामन्याला १,००,१८९ जण आले. पहिले कारण उघड आहे. जानेवारीनंतर कित्येक महिने सामनाच नसतो, आणि नवे खेळाडू कसे आहेत ही उत्सुकता असते. पण मला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. हंगामातील तिकिटे महाग असतात आणि मिळणेही कठीण. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन येथील मैदानावर १९६२ पासून प्रत्येक सामन्याची तिकिटे संपत आलेली आहेत. वसंत-सामन्याला मात्र कोठे प्रवेश विनामूल्य, तर कोठे अल्प दरात असतो. त्यामुळे एरवी ज्यांना सामना घरी बसून पाहावा लागतो ती माणसे मुलाबाळांसह त्या दिवशी आत येतात. सकाळपासून मोटारींच्या तळावर शेगड्या पेटतात, ओळखीची-अनोळखी माणसे एकत्र जेवतात, बँड वाजतो. अनेक ठिकाणी लहान मुलांना खेळाडूंच्या सह्या घेता येतात. हरण्याची धास्ती नसल्यामुळे आपल्या माणसांना शिव्या देण्याचा प्रश्नच येत नाही!

नेब्रास्काचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. शेतीप्रधान राज्य, व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ तेथे नाही. विद्यापीठाची स्थापना १८६९ ची. शेतकरी-कामकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षण मिळावे म्हणून १८६२ च्या कायद्याने ज्या संस्थांना सरकारी जमिनींचे साहाय्य मिळाले, त्यांपैकी हे एक. संघाचे नाव ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. ज्यांनी त्या विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही, असे लोकही या संघाला ‘आमचा’ म्हणतात.

६ एप्रिल २०१३ रोजी तेथील वसंत-सामन्यात मेंदूच्या कर्करोगाशी झुंजणारा जॅक हॉफमन हा सात वर्षांचा मुलगा मैदानात उतरला. अंगावर २२ क्रमांकाचा सदरा, डोक्यावर शिरस्त्राण. क्वार्टरबॅकने चेंडू त्याच्या हाती दिला आणि कोणत्या दिशेने पळायचे ते दाखवले. ६९ यार्ड तो पळत गेला. मोठाले खेळाडू त्याच्या बाजूने धावत होते. पाडले कोणीच नाही. त्याने टचडाउन केले तेव्हा दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी त्याला उचलून घेतले आणि साठ हजार लोक उभे राहिले. हंगामाच्या सामन्यात हे होऊ शकले नसते, कारण तेथे गुणांचा हिशेब असतो. जॅक पुढे महाविद्यालयात गेला. जानेवारी २०२५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. माझेही वय आज एकोणीसच आहे.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महाविद्यालयीन फुटबॉल हा तेथे मोठा धंदा आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणेही सोपे झाले. दूरदर्शनवर आपले खेळाडू पाहून इतर संघ त्यांना ओढून नेतील, या भीतीने नेब्रास्काचे प्रशिक्षक मॅट रूल यांनी २०२५ मध्ये नेहमीचा वसंत-सामना बंद केला व त्याऐवजी कौशल्याचे छोटे खेळ ठेवले. टेक्सासनेही त्या वर्षी सामना घेतला नाही. प्रशिक्षकांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यात हिशेब नव्हता त्यातही हिशेब शिरला, एवढे खरे.

आता हा विषय का घेतला ते सांगते. आमच्या घराण्यात कॉलेजात आलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात मी समूहगीतात होते. अण्णा त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून एस.टी.ने आले. कार्यक्रम संपल्यावर मी सभागृहभर शोधले. ते फाटकाबाहेर लिंबाखाली उभे होते. गाणे त्यांनी तेथूनच, कर्ण्यावर ऐकले होते.

“आत का नाही आलात?” मी विचारले.

“आपलं काय काम तिथं?” ते म्हणाले.

त्यांना कोणी अडवले नव्हते. आत बोलावलेही नव्हते; मीसुद्धा नाही. संमेलनाला या, एवढेच मी म्हटले होते.

नेब्रास्कातील एखादा शेतकरी लाल सदरा घालून विद्यापीठाच्या मैदानात बसतो, तेव्हा तेथे आपले काय काम असे त्याला वाटत नसावे. आपल्याकडे फुटबॉल नाही, लाखाचे मैदान नाही आणि त्याची गरजही नाही. पण वर्षातून एक दिवस, ज्यात बक्षीस नाही, परीक्षा नाही, प्रवेश-शुल्क नाही, असा ठेवता येईल. त्या दिवशी पालकांनी वर्गात बाकावर बसावे, ग्रंथालय पाहावे, प्राध्यापकांशी बोलावे. विद्यार्थी-प्रतिनिधींनी आणि गुरुजनांनी या सूचनेचा विचार करावा, ही नम्र विनंती. तोपर्यंत, यंदाच्या संमेलनाला मी अण्णांना फाटकापासून हाताला धरून आत आणणार आहे.