टायमिंग चेन : केवळ चेन की संपूर्ण संच?

प्रश्न : सकाळी मोटार सुरू करताच इंजिन क्षणभर खडखडते. मेकॅनिक टायमिंग चेन बदलावयास सांगतो. केवळ चेन बदलून भागेल काय?

उत्तर : थंड इंजिनाची खडखड तेलाचा दाब चढताच शमत असेल, तर संशय प्रथम टेन्शनरवर जातो, कारण पुष्कळ इंजिनांत तो तेलाच्या दाबावरच चेन ताठ धरतो. तथापि चेनच्या पिना झिजून तिची लांबी वाढते, तसे स्प्रॉकेटचे दातही झिजतात, आणि अशा दातांवर चढविलेली नवी चेन अकाली निकामी होते. यास्तव चेन, टेन्शनर, गाईड व स्प्रॉकेट हा संपूर्ण संच एकाच वेळी बदलावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

क्रँकशाफ्टच्या २ फेऱ्यांत कॅमशाफ्टचा १ फेरा, हे प्रमाण अबाधित असले, तरी जुळणीत एका दाताचा फरक पडताच झडपांची उघडझाप अवेळी होते. आणि चेन अधिक निसटल्यास कित्येक इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळून त्या वाकतात. म्हणून जोडणीनंतर क्रँकशाफ्ट पान्याने, हाताने, पूर्ण २ फेरे फिरवून खुणा पुन्हा ताडून पाहिल्याखेरीज स्टार्टर लावू देऊ नये. त्या वेळी चेनच्या रंगीत कड्या मूळ जागी दिसल्या नाहीत, तरी चिंता नसावी. शाफ्टच्या खुणा जुळणे हीच खरी कसोटी. उत्पादकाने एकदाच वापरण्यास सांगितलेले बोल्ट नवेच घालावेत, आणि पुढे योग्य प्रतीचे तेल मुदतीत बदलण्यात कसूर करू नये.