जीर्ण ऊर्ध्वग अम्लपित्त : अल्पछेदी उपचारांचे स्थान व आपली जबाबदारी

अम्लपित्त हा व्याधी बृहत्त्रयीत स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिलेला नाही. काश्यपसंहिता व माधवनिदान यांत तो सविस्तर आढळतो. काश्यपांनी तो मुख्यत्वे आनूप देशातील सांगितला. शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेतील. तरीही येथे असे रुग्ण नित्य दिसतात. रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील पाळ्या, दौंड जंक्शनवरील रात्रीचे काम, ऊसतोडीच्या हंगामातील अवेळी भोजन, उपाशीपोटी चहा, तंबाखू व वेदनाशामक गोळ्या हे हेतू येथे देशापेक्षा बलवान ठरतात, असे आमचे मत आहे.

माधवकरांनी नवोत्थित अम्लपित्त यत्नसाध्य व चिरोत्थित याप्य मानले आहे. निदानपरिवर्जन, शोधन व शमन हा आपला क्रम होय. परंतु अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप शिथिल असल्यास किंवा जठराचा भाग छातीत सरकला असल्यास औषध थांबताच लक्षणे परततात. अशा निवडक रुग्णांसाठी पुढील पर्याय आहेत :

१) दुर्बिणीद्वारे फंडोप्लिकेशन : जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. निसेन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेली ही शस्त्रक्रिया १९९१ पासून दुर्बिणीने होऊ लागली. पुढे गिळण्यास त्रास वा आध्मान संभवते.

२) मुखावाटे झडपेची पुनर्रचना : बाहेरून छेद नाही, मात्र मोठ्या हर्नियात केवळ हीच पुरेशी नसते.

३) चुंबकीय मण्यांचे कडे : अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता.

तत्पूर्वी एंडोस्कोपी, अन्ननलिकेतील दाबाचे मापन व आवश्यकतेनुसार चोवीस तासांची आम्लतानोंद करावी लागते.

वैद्यांनी विशेष ध्यानात ठेवावे : वमनापूर्वी पूर्वशस्त्रक्रियेचा इतिहास अवश्य विचारावा. फंडोप्लिकेशन झालेल्यास वमन देऊ नये. उबळीच्या ताणाने गुंडाळी निसटू शकते. गिळताना अडथळा, वजन घटणे, रक्ताची उलटी, काळे शौच वा पांडुता असल्यास शमनात कालहरण न करता एंडोस्कोपीस पाठवावे. छातीतील जळजळीसोबत घाम वा धाप असल्यास प्रथम ईसीजी.

औषधविक्रेत्यांसही विनंती : अविपत्तिकर चूर्णात पाठानुसार निम्मी साखर व एक तृतीयांश निशोत्तर असते. मधुमेही, गर्भिणी व वृद्ध यांस ते वैद्यांच्या सल्ल्याविना देऊ नये. वारंवार तेच चूर्ण मागणाऱ्या ग्राहकास वैद्यांकडे पाठवावे.

याप्य व्याधीत आयुष्यभर औषध देणे हीच चिकित्सा नव्हे. योग्य वेळी योग्य हाती रुग्ण सोपविणे हाही चिकित्सेचाच भाग होय.