पट्टी की वाटी?

प्रश्न : तीसेक वर्षांपूर्वी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिच्या डोळ्यावर कापसाची जाड पट्टी होती आणि ती दवाखान्यातच सोडली गेली. गेल्या आठवड्यात सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, तर दोन तासांत घरी पाठवलं आणि डोळ्यावर फक्त भोकांची प्लास्टिकची वाटी. त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या एका आजींना मात्र पट्टी बांधली होती. असा फरक का? आणि ही वाटी रात्री लावायची कशी? सारखी निसटते.
— एक वाचक, सातारा

उत्तर : सासऱ्यांच्या बाबतीत काही कमी केलं, असं मनातही आणू नका. पट्टी आणि वाटी एकाच कामाच्या वाटल्या, तरी त्यांची कामं वेगळी आहेत. पट्टी पापणी मिटलेली ठेवते, वाटी हात दूर ठेवते.

डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन तो बधिर केला, तर पुढचे काही तास पापणीची उघडझाप नीट होत नाही आणि डोळ्याला काही लागलं तरी कळत नाही. उघडा राहिलेला डोळा कोरडा पडतो. म्हणून तेवढ्या वेळापुरती पट्टी. आजींना बहुधा इंजेक्शन दिलं असावं. सासऱ्यांचा डोळा नुसत्या थेंबांनी बधिर केला असेल, तर त्यांची पापणी आपलं काम करतेच आहे आणि त्यांना पट्टीची गरज नाही. शिवाय पट्टीखाली औषधाचे थेंब घालता येत नाहीत आणि थेंब लवकर सुरू होणं फार मोलाचं असतं.

आईच्या वेळी डोळ्याला साधारण दहा-बारा मिलिमीटरची चीर द्यावी लागे, वर टाके. त्याही आधी तर दोन्ही डोळे बांधून रुग्णाला कित्येक दिवस उताणं निजवून ठेवत. ही सावधगिरी थेट सुश्रुतापर्यंत जाते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शस्त्रक्रियेनंतर डोळ्याला तूप लावून कापडाने बांधायला सांगितलं आहे, आणि रुग्णाने उताणं पडावं, शिंक, खोकला, ढेकर टाळावी असंही.

फेको पद्धतीत आता चीर दोन-तीन मिलिमीटरचीच असते आणि बहुतेक वेळा टाका नसतो. लोक इथे फसतात. टाका नाही म्हणजे काळजी नाही, असं त्यांना वाटतं. खरं उलट आहे. ती चीर तिरकी, झडपेसारखी असते आणि डोळ्याच्या आतल्या दाबानेच मिटून राहते. झोपेत कोणी डोळा चोळला, तर ती झडप क्षणभर उघडू शकते आणि बाहेरचा जंतू आत जाऊ शकतो. जागेपणी माणूस स्वतःला आवरतो. झोपेत हात आपोआप डोळ्याकडे जातो, कारण टोचल्यासारखं होतच असतं. म्हणून रात्रीची वाटी चुकवू नका. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, बहुधा आठवडाभर तरी, ती लावायची, दुपारच्या डुलकीलासुद्धा.

आता लावायची कशी ते. आधी तुमचा तळहात वाटीसारखा करून स्वतःच्या डोळ्यावर धरा. कडा भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकल्या पाहिजेत, आणि पापणी मिचकावली तर तळव्याला लागता कामा नये. प्लास्टिकची वाटीही अशीच बसली पाहिजे. भार हाडावर, डोळ्यावर काहीच नाही. सासऱ्यांना विचारा, ‘डोळा उघडमीट करा, कुठे टेकतंय का?’ टेकत असेल तर काढून पुन्हा लावा.

निसटते ती चिकटपट्टीमुळे. एक तर चेहऱ्यावर तेल किंवा घाम असतो. कपाळ आणि गाल ओल्या कपड्याने पुसून कोरडे करा. दुसरं, पट्टी आडवी लावलेली असते. ती तिरपी लावा, कपाळाच्या मध्यापासून वाटीवरून गालाच्या वरच्या हाडापर्यंत. जबड्यापर्यंत खाली आणली, तर बोलताना-चावताना सैल होणारच. अशा दोन समांतर पट्ट्या पुरतात. कागदी चिकटपट्टी घ्या, म्हाताऱ्या माणसांची त्वचा नाजूक असते. सकाळी काढताना एका हाताने कातडी धरून हळूच सोडवा. वाटी रोज साबणाने धुऊन स्वच्छ कपड्यावर वाळू द्या.

डोळा पुसायचा असेल, तर आधी स्वतःचे हात धुवा. निर्जंतुक कापूस उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळा आणि मिटलेली पापणी नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा. तो बोळा टाकून द्या, दुसऱ्या वेळी नवा. घरातला रुमाल, पदर किंवा ओढणी डोळ्याला लावू देऊ नका.

दवाखान्याने पट्टी बांधून घरी पाठवलं असेल, तर ती सांगितलेल्या वेळेआधी सोडू नका आणि सैल वाटली तरी घरच्या कापसाची नवी करू नका. आत पापणी अर्धवट उघडी राहिली, तर कापसानेच डोळ्याला ओरखडा जातो. एक डोळा बांधलेला असताना अंतराचा अंदाजही चुकतो, तेव्हा जिन्यावर हात धरा आणि गरम चहा हातात नीट द्या.

पहिले काही दिवस किंचित टोचणं, पाणी येणं चालायचंच. पण दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, पू दिसला किंवा आदल्या दिवशी दिसत होतं त्यापेक्षा कमी दिसू लागलं, तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसू नका. त्याच वेळी, रात्र असली तरी, दवाखान्याला फोन करा.