जानेवारीचे पाच दिवस : वंदन आणि अभ्यास

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत एप्रिल, ऑक्टोबर आणि डिसेंबर हे महिने ठळक असतात. एप्रिलमध्ये जयंती, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि डिसेंबरमध्ये महापरिनिर्वाण दिन. या दिवसांचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु ज्या महिन्यात आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातील एवढे दिवस एकापाठोपाठ येतात की, त्यांतून एक छोटी अभ्यासमालाच तयार व्हावी, असा महिना जानेवारी आहे. १ जानेवारी, ३ जानेवारी, १४ जानेवारी, २६ जानेवारी आणि ३१ जानेवारी या पाच दिवसांचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. विद्यार्थ्यांनी तो पाठ म्हणून वाचावा आणि कार्यकर्त्यांनी कार्यक्रमाची टिपणी म्हणून वापरावा, अशी आमची अपेक्षा आहे.

स्मरणदिन कशासाठी ?

स्मरणदिनाचे दोन भाग असतात. पहिला वंदनाचा, दुसरा अभ्यासाचा. पुष्पहार, मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील हा पहिला भाग आपण मनोभावे पार पाडतो. दुसरा भाग मात्र पुष्कळदा राहून जातो. मग तारीख पाठ असते, पण त्या तारखेला काय घडले, का घडले आणि त्याचा आजच्या जगण्याशी संबंध काय, हे विचारले की मुले एकमेकांकडे पाहू लागतात.

तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना सांगितले होते की, केवळ परंपरेने चालत आले म्हणून, ऐकिवात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका. ती स्वतः तपासून पाहा. हा उपदेश इतिहासालाही लागू आहे. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता. अभ्यासाशिवायचे स्मरण व्यक्तिपूजेकडे झुकते. म्हणून आम्ही प्रत्येक दिवसासाठी तीन प्रश्न सुचवितो. नेमके काय घडले ? त्याचा पुरावा काय ? आणि त्यातून आपण आज काय करायचे ? बँकेच्या नोकरीत व्हाउचर नसेल तर नोंद धरीत नाहीत. इतिहासाच्या वहीलाही तोच नियम लावला तर नुकसान होणार नाही.

१ जानेवारी : भीमा कोरेगाव

१ जानेवारी १८१८ रोजी पुण्याजवळ भीमा नदीकाठच्या कोरेगाव येथे ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे सैन्य यांच्यात लढाई झाली. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची ही तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली होती. पायदळ व घोडदळ मिळून तिची संख्या सुमारे ८०० होती. रात्रभर चालून ती सकाळी कोरेगावला पोहोचली आणि दिवसभर अन्नपाण्यावाचून गावात लढत राहिली. रात्री पेशव्यांच्या सैन्याने माघार घेतली. पुढे १८२१ साली तेथे विजयस्तंभाची पायाभरणी झाली. स्तंभावर मृत सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ही नावे महार सैनिकांची होत.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पेशव्यांकडील सैन्य सुमारे २८,००० होते असे सांगितले जाते. पण तो आकडा जवळपास असलेल्या एकूण फौजेचा आहे. प्रत्यक्ष गावात शिरून लढलेले सैन्य त्याचा एक भाग होते आणि त्यात अरब सैनिकही होते. कंपनीच्या तुकडीतही महारांबरोबर इतर जातिधर्मांचे सैनिक होते. हे सांगितल्याने आपल्या पूर्वजांचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. उलट, फुगवलेला एक आकडा विरोधकाच्या हाती सापडला की तो त्याच्या जोरावर खरा इतिहासही खोटा ठरवू पाहतो. दगडावर कोरलेल्या २२ नावांना अतिशयोक्तीची गरज नाही.

मग या लढाईचे आपल्या दृष्टीने महत्त्व काय ? पेशवाईच्या उत्तरकाळात ज्यांची सावलीही विटाळ मानली गेली, त्यांनी शस्त्र हाती घेतले आणि ते कोणाहून कमी पडले नाहीत, हे या स्तंभाने नोंदवून ठेवले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनीच महारांची सैन्यभरती बंद केली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. त्यांत पूर्वजांची लष्करी सेवा हाच मुख्य दाखला होता. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे एवढी मोठी वाटचाल आहे.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः कोरेगावला आले. त्याच वर्षी मार्च महिन्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हेही ध्यानात ठेवावे. बाबासाहेबांच्या वाटचालीत पूर्वजांचे स्मरण आणि हक्काची लढाई ही अशी एकाच वर्षात, दोन-अडीच महिन्यांच्या अंतराने आलेली दिसतात.

२०१८ साली, लढाईला २०० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, या परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्यामुळे मंडळातर्फे अभिवादनासाठी जाणाऱ्यांनी शिस्त, शांतता आणि महिला-मुलांची सुरक्षितता यांना प्रथम स्थान द्यावे.

३ जानेवारी : सावित्रीबाई फुले

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. शाळेच्या नेमक्या तारखेबाबत पुस्तकांत एकवाक्यता नाही. म्हणून फलकावर ‘१८४८’ एवढेच लिहावे. जे निश्चित आहे तेवढे लिहिण्यात कमीपणा नाही.

सावित्रीबाईंबद्दल बोलताना शेणाचे गोळे आणि जादा लुगडे एवढ्यावर थांबू नये. त्यांच्या कामाचे फळ काय, ते मुलांना दाखवावे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध छापून आला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली ही मुलगी त्या वेळी १४ वर्षांची होती. महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने थेट धर्मालाच प्रश्न विचारले. शाळा सुरू होऊन सात वर्षे होतात न होतात तोच एक मुलगी समाजाच्या वतीने लिहू लागते, हेच त्या शाळेचे यश होय. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव २०१४ साली देण्यात आले.

या दिवशी विहारात मुक्ता साळवेचा निबंध मुलींकडून वाचून घ्यावा. दुसरे काम अधिक अवघड आहे. आपल्या वस्तीतील कोणत्या मुलीची शाळा दहावीनंतर सुटली, कोणाचे लग्न घाईने ठरत आहे, याची चौकशी महिला मंडळाने या आठवड्यात करावी. एका मुलीचे जरी बारावीला नाव नोंदले गेले तरी जयंती साजरी झाली असे आम्ही मानू.

१४ जानेवारी : नामविस्तार दिन

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ साली औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे झाली. त्याआधीच, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेथे महाविद्यालय सुरू केले होते. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. निजामी राजवटीत शिक्षणापासून दूर राहिलेल्या या भागातील दलित मुलांना त्यामुळे उच्च शिक्षणाचे दार उघडले. म्हणून विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे ही मागणी पुढे आली.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, माणसे परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव झाले.

‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’ या दोन शब्दांतील फरक विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा. जुने नाव जाऊन नवे येणे हे नामांतर. जुने नाव कायम ठेवून त्याला नवे जोडणे हा नामविस्तार. मागणी पहिल्याची होती, मिळाले ते दुसरे. ठरावापासून अंमलबजावणीपर्यंत सुमारे साडेपंधरा वर्षे गेली. विधिमंडळाचा ठराव झाला म्हणजे समाजाचे मन बदलले असे होत नाही, हा या इतिहासाचा कठोर धडा आहे. या दिवशी शहीदांची नावे वाचून दोन मिनिटे स्तब्धता पाळावी. त्यानंतर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि जात पडताळणी या विषयांवर मार्गदर्शन ठेवावे. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी माणसांनी प्राण दिले, त्याच्या दारातून आपली मुले पदवीविना परत येऊ नयेत.

२६ जानेवारी : प्रजासत्ताक दिन

हा दिवस साऱ्या देशाचा. पण जानेवारीच्या या मालिकेत त्याचे स्थान विशेष आहे. १८१८ च्या सैनिकांना, मुक्ता साळवेला, चवदार तळ्यावरील सत्याग्रहींना जे मिळाले नाही, ते २६ जानेवारी १९५० रोजी कायद्याच्या रूपाने आले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला सारख्या किमतीचे एक मत मिळाले. मात्र राजकारणात समता आली तरी सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहणार आहे, आणि ही विसंगती दूर केली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल, असेही बाबासाहेबांनी बजावले होते. झेंडावंदनानंतर उद्देशिकेचे सामूहिक वाचन करावे आणि एका विद्यार्थ्याने तिच्यातील ‘बंधुता’ या एकाच शब्दावर पाच मिनिटे बोलावे.

३१ जानेवारी : ‘मूकनायक’

३१ जानेवारी १९२०, शनिवार, या दिवशी मुंबईत ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी या कामी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पत्र १९२३ साली बंद पडले. पण त्यातून सुरू झालेली परंपरा १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’, १९३० चे ‘जनता’ आणि १९५६ चे ‘प्रबुद्ध भारत’ अशी पुढे चालली. ज्यांना बोलू दिले गेले नाही, त्यांनी स्वतःचे वृत्तपत्र काढले, ही घटना कोणत्याही लढाईइतकीच मोठी आहे. या दिवशी विद्यार्थ्यांनी विहारात हस्तलिखित भित्तिपत्रक लावावे. त्यात उसने लेख नकोत. आपल्या वस्तीतील पाणी, रस्ता, शाळा, वाचनालय यांविषयी स्वतः पाहून लिहिलेले चार परिच्छेद पुरेत.

याच सुमारास पौष पौर्णिमा येते. ती तिथीप्रमाणे बदलते, म्हणून तिची तारीख दरवर्षी पंचांगात पाहावी. त्या दिवशी उपासक-उपासिकांनी अष्टशील ग्रहण करून उपोसथ पाळावा. महिनाभराच्या गजबजीत मन स्थिर करण्यासाठी एक दिवस हवाच.

आपल्या वस्तीची तारीख

शेवटी एक विनंती. हे पाच दिवस ग्रंथांत नोंदलेले आहेत. पण आपल्या गावची सार्वजनिक विहीर केव्हा खुली झाली ? विहाराची पहिली वीट कोणी ठेवली ? पहिली मॅट्रिक झालेली मुलगी कोण ? १९५६ साली नागपूरला दीक्षेसाठी कोण कोण गेले, आणि कशाने गेले ? या तारखा कोणत्याही ग्रंथात सापडणार नाहीत. त्या वेळी विशीत असलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी एकेक जण जातो, तेव्हा एकेक पान कायमचे गळते. विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवावे आणि मंडळाच्या दप्तरी जमा करावे. पुढील स्मरणिकेत त्यातील निवडक आठवणी छापता येतील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कोरेगावच्या लढाईविषयी आपण ऐकलेल्या विधानांपैकी कोणती पुराव्यावर टिकतात ?
२. मुक्ता साळवेच्या निबंधाचे आज महत्त्व काय ?
३. नामांतर आणि नामविस्तार यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
४. ‘मूकनायक’ आज निघाले असते तर पहिल्या अंकात आपल्या वस्तीतील कोणता प्रश्न छापला असता ?

या प्रश्नांची लेखी उत्तरे विद्यार्थ्यांनी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी विहारात आणून द्यावीत. बक्षीस म्हणून पुस्तकच द्यावे, अशी आमची सूचना आहे.

जयभीम ! नमो बुद्धाय !