पहिला जीव कोठून आला?

(वरच्या इयत्तांसाठी पूरक पाठ)



‘गुरुजी, पहिला जीव कोठून आला?’ हा प्रश्न वर्गात केव्हा तरी येतोच. त्याची एका वाक्यात बोळवण करू नये. पुरावा कसा तोलावा, हे शिकविण्याची ती उत्तम संधी होय.

विषयप्रवेश : बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते जीव पृथ्वीवरील निर्जीव द्रव्यांतूनच उपजला. फ्रेड हॉईल व चंद्रा विक्रमसिंघे यांनी मात्र असे मत मांडले की, सूक्ष्म जीव धूमकेतूंबरोबर अंतराळातून आले. हॉईल यांचे शिष्य डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे मूळचे कोल्हापूरचे. हे मत पडताळण्यासाठी त्यांनी भारतात प्रयोग घडवून आणला.

प्रयोग : जीव वरून येत असतील, तर जमिनीवरील धूळ सहसा पोहोचत नाही अशा उंचीवरही ते सापडले पाहिजेत. म्हणून २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून मोठा फुगा सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. हैदराबाद व पुणे येथील दोन प्रयोगशाळांनी ती स्वतंत्रपणे तपासली. तीत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्याचे २००९ साली जाहीर झाले. एकीस हॉईल यांचे, दुसरीस ‘इस्रो’चे व तिसरीस आर्यभटाचे नाव दिले गेले.

विवेचन : नवी जात म्हणजे परलोकीची जात नव्हे. पृथ्वीवरीलही असंख्य जीवाणू अद्याप अज्ञात आहेत. म्हणूनच, यावरून जीवांचे मूळ अंतराळात असल्याचे निर्णायकपणे ठरत नाही, असे ‘इस्रो’ने स्वतःच सांगितले. पुढे २०२३ साली बेन्नू या लघुग्रहावरील माती पृथ्वीवर आणली गेली. तीत, सजीवांची प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी १४ आढळली. परंतु विटा सापडल्या म्हणून घर सापडले, असे होत नाही. शिवाय जीव बाहेरून आला असे मानले, तरी तेथे तो कसा उपजला, हा प्रश्न उरतोच.

कृती : भाकरीचा ओला तुकडा स्वच्छ बरणीत झाकून ठेवावा. काही दिवसांनी बुरशी दिसल्यास विचारावे, ‘ही हवेतून आली, बरणीत होती, की भाकरीवरच होती?’ शास्त्रज्ञांपुढील अडचण मुलांना आपोआप उमजेल. बरणी उघडू वा हुंगू देऊ नये.

शेवटी फळ्यावर तीन रकाने आखावेत : ‘सिद्ध’, ‘शक्य’, ‘अज्ञात’. प्रत्येक विधान योग्य रकान्यात मुलांकडूनच लिहवून घ्यावे. ‘हे अजून कोणास ठाऊक नाही’ असे सांगण्यात शिक्षकास कमीपणा नाही. त्या रकान्यातूनच उद्याचा संशोधक घडतो.